मामा, ते ‘नुसतं चेकिंग’ नाही

सांगलीहून मामांनी काल घरच्या ग्रुपवर एक मेसेज ढकलला: ‘चिप डिझाइन हेच खरं इंजिनिअरिंग. व्हेरिफिकेशन म्हणजे नुसतं चेकिंग. सगळे इनपुट देऊन बघायचे, चूक राहिली तर नंतर अपडेट पाठवायचा. आता तर एआयच करतं.’ एरवी मी असलं वाचून सोडून देते. पण हे वाचून मामेभाऊ हातातली व्हेरिफिकेशनची नोकरी नाकारायला निघालाय, आणि मी 11 वर्षं बंगळुरूत सर्व्हर चिपांवर तेच काम करतेय: चिप बनण्याआधी तिच्या डिझाइनमधल्या चुका शोधायच्या.

‘सगळे इनपुट’! लिहिणाऱ्यानं कधी हिशेब तरी केलाय? दोन 64 बिटी आकड्यांची साधी बेरीज घ्या. जोड्या होतात 2 चा 128 वा घात. सेकंदाला 100 कोटी तपासल्या तरी 1 वर 22 शून्यं इतकी वर्षं लागतील. सर्व्हर चिपमध्ये तर डझनावारी कोअर (गणनेचे स्वतंत्र भाग) एकाच वेळी तीच मेमरी मागतात. म्हणून चूक कुठं दडली असेल ते ओळखून तिथं रँडम टेस्टचा मारा करायचा, कव्हरेज, म्हणजे डिझाइनचा किती भाग तपासून झाला ते, मोजायचं, काही भाग फॉर्मल पद्धतीनं गणितासारखा सिद्ध करायचा. टीम लीडचं डोकं या ओळखण्यात जातं.

अपडेटचं म्हणाल, तर 1994 चा इंटेलचा पेंटियम प्रोसेसर आठवा. भागाकाराच्या तक्त्यातल्या 5 नोंदी गळाल्या होत्या. 4195835 ला 3145727 नं भागलं की 1.33382 ऐवजी 1.33374 यायचं. चूक सापडली थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकाला. तक्ता सिलिकॉनमध्येच कोरलेला, अपडेट कुठून पाठवणार? इंटेलला चिपा बदलून द्याव्या लागल्या आणि 47.5 कोटी डॉलरचा फटका बसला.

मायक्रोकोडनं, म्हणजे चिपच्या आतल्या बदलता येणाऱ्या सूचनांनी, काही चुका झाकता येतात, हे मान्य. पण एएमडी कंपनीच्या बार्सिलोना सर्व्हर चिपमध्ये 2007 साली टीएलबीची (मेमरीचे पत्ते लक्षात ठेवणाऱ्या भागाची) चूक निघाली, तेव्हा बायॉसमधला (कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरमधला) तोडगा वेगच खायचा. दुरुस्त चिप 2008 मध्ये आली.

एआय आम्हीही वापरतो, टेस्टांचे लॉग (नोंदी) चाळायला. पुढं काय ते बघू.

आणि हो, पहिलं वर्ष रात्री रिग्रेशन (सगळ्या टेस्ट पुन्हा चालवणं) लावण्यात नि सकाळी फेल टेस्टांचे लॉग वाचण्यात जातं. कंटाळा येतो. तेवढ्यापुरतं ‘चेकिंग’ म्हणा हवं तर.

त्याला शुक्रवारपर्यंत कंपनीला कळवायचंय. मामा, आज रात्री फोन त्याच्याकडे द्या.