शंख सापडला? ताबडतोब विका!

स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या व्हिडिओ गेममध्ये हिवाळा लागला की शहाणी माणसं खाणीत उतरतात. तुम्ही किनाऱ्यावर जा. शेतात तसंही फारसं काही उगवत नाही, आणि आजोबांनी शेत दिलं ते काय कष्ट करायला? वाळूत कुठेतरी गोल वळणाचा नॉटिलस शंख पडलेला दिसेल. उचला.

आता डोकं अजिबात चालवू नका, सरळ शिपिंग बिनमध्ये, म्हणजे माल विकायच्या पेटीत टाका. रोख १२० गोल्ड! एवढ्यात पार्सनिप बियाण्याची सहा पाकिटं येतात. हिवाळ्यात ती पेरता येत नाहीत, पण ते पुढचं पुढे. बिनमध्ये टाकलेली शेवटची वस्तू झोपण्याआधी परत काढता येते, ही माहिती मात्र तुमच्या कामाची नाही. तुम्ही झोपलात.

सकाळी खुशीत कम्युनिटी सेंटरला जा आणि बुलेटिन बोर्डावरचं फील्ड रिसर्च बंडल, म्हणजे तिथे द्यायच्या वस्तूंचा संच, उघडा. जांभळं मशरूम आहे, चब मासा आहे, फ्रोझन जिओड आहे. चौथा खण रिकामा, आणि त्यात फिकट सावलीसारखा कोण दिसतोय? तोच. काल रात्री १२० ला गेलेला. बंडलचं बक्षीस काय, तर कचऱ्यातून कामाच्या वस्तू काढणारं यंत्र. कामाच्या वस्तूचा कचरा तुम्ही यंत्राशिवायच करून दाखवलात.

घाबरू नका, शंख पुन्हा मिळतो. या हिवाळ्यात नाही सापडला, तर पुढच्या हिवाळ्यात. मधे वसंत, उन्हाळा आणि शरद, प्रत्येकी २८ दिवस, एकूण ८४. गेममधली दहा मिनिटं म्हणजे आपली सात सेकंदं. सकाळी ६ ते रात्री २ असा अख्खा दिवस खेळलात तर १४ मिनिटं. ८४ दिवसांचे साडेएकोणीस तासांच्या वर होतात. (हा हिशेब मी रात्री पावणेदोनला केला. खऱ्या घड्याळात.)

तेवढ्या वेळात किनारा सोडू नका. ३०० लाकडं मोजून पूर्वेचा मोडका पूल दुरुस्त करा. ऐन वसंतात, घर वाढवायला लाकूड हवं असतानाच करा, म्हणजे मजा येते. पलीकडे प्रवाळ आणि सी अर्चिन हे काटेरी समुद्री जीव मिळतात. सी अर्चिनचे १६० येतात, पण विकायचं कशाला? फिश टँकमध्ये सोडा आणि त्याच्या डोक्यावर टोपी घाला. खरंच घालता येते. एवढ्या मोठ्या गेममध्ये मला सगळ्यात सार्थ वाटलेलं काम तेच.

अखेर दुसरा हिवाळा येईल, शंख मिळेल. या खेपेला तो तडक गुंथरच्या म्युझियममध्ये न्या. तो घेणार नाही. त्याला नॉटिलसचं फॉसिल हवं असतं, ते वेगळं, जमिनीतून खणून काढायचं. दोन्हींच्या नावातला फरक काउंटरपाशी उभं राहून कळावा, यासारखं शिक्षण नाही.

आणि आता तरी बंडलमध्ये टाकाल? छे! एकदा पोळलेला माणूस असा हातचा शंख सोडत नाही. उद्या आणखी कुणी मागितला तर? माझा पेटीत आहे. पेटीला निळा रंग दिलाय, आत त्याच्या सोबतीला एकोणचाळीस प्रवाळ आहेत, आणि बोर्डावरचा चौथा खण अजून रिकामा आहे.