गाडी इतक्यात धुऊ नका

पुण्याहून स्वतःची गाडी काढून लेहला जाणे आता कोणालाही जमते. अंतर अडीच हजार किलोमीटरच्या आसपास, रस्ता सांगायला फोनमधली बाई, आणि 2020 मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांग खिंडीचीही धास्ती उरलेली नाही. नऊ किलोमीटर डोंगराच्या पोटातून गेलात की पलीकडे हिमाचलचे लाहौल खोरे. त्यामुळे कसे जावे हे सांगणारे पैशाला पासरी मिळतात. परत कसे यावे हे मात्र कोणी सांगत नाही, आणि सगळी इभ्रत तर तिथेच पणाला लागलेली असते. जाताना तुम्ही नुसते पर्यटक असता. परतल्यावर तुम्हाला 'जाऊन आलेले' व्हायचे असते.

त्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे घाई. जाताना तुम्ही उदयपूरला तलावाकाठी मुक्काम केलात, जयपूरला लस्सी प्यायलात, उंचीची सवय व्हावी म्हणून जिस्पाला नदीकाठच्या तंबूत रात्र काढलीत. येताना यातले काहीएक करायचे नाही. लेह सोडले की डोळ्यांपुढे एकच वाक्य ठेवा: "उदयपूरहून एका दमात आलो." हे नऊशेच्या घरातले किलोमीटर होतात. दोन वेळचा चहा, एक जेवण आणि भरूचच्या पुढे पेट्रोल पंपावर लागलेला डोळा हे सगळे त्या एका दमातच मोडते, त्याचा वेगळा हिशेब द्यायचा नसतो. वाटेत बायको म्हणेल, "अहो, वापीला राहू या ना, सकाळी निघू." ऐकू नका. वापीला मुक्काम केला, हे वाक्य महाराष्ट्रातल्या कोणत्याही कट्ट्यावर सांगता येत नाही. ती गाडी चालवायला मागेल, तेही देऊ नका. सर्चूच्या पुढचा सगळा कच्चा रस्ता तिने चालवला होता ही गोष्ट वेगळी. तेव्हा तुमचे डोके दुखत होते.

एवढ्या घाईने घरी जाऊन करायचे काय, असा प्रश्न सुरतेच्या आसपास मनात येऊ शकतो. तो दाबून टाका. दूधवाल्याला तुम्ही सोमवारपासून सांगितले आहे, कामाच्या मावशी त्याहून उशिरा येणार आहेत, आणि घरी वाट पाहणारी एक कुंडीतली तुळस होती, तीही बहुधा आता पाहत नसेल. ते महत्त्वाचे नाही.

घोडबंदरला मात्र दम तुटतो. मनाली–लेह रस्त्यावरच्या गाटा लूप्सची एकवीस वळणे तुम्ही हसत चढलात, पण इथे दोन ट्रकांच्या मध्ये, पहिल्या गिअरातून दुसऱ्या गिअरात जाण्याची इच्छा मनात धरून, तुम्ही इतका वेळ उभे राहता की शेजारच्या टेम्पोतल्या क्लीनरचे नाव-गाव कळते. सबंध प्रवासातला सर्वांत खडतर टप्पा हाच. पण तो सांगायचा नाही, कारण ऐकणारा रोज ऑफिसला तिथूनच जात असण्याची शक्यता असते. सांगायचा तो झिंगझिंगबारजवळ रस्त्यावरून वाहणारा नाला. पाणी घोट्याइतके होते, पण पुण्यापर्यंत यायला जो वेळ लागला त्यात ते गुडघ्यापर्यंत चढले तर त्याला कोणाचा इलाज नाही.

टोलचे गणितही इथेच फिरते. फास्टॅगचा वार्षिक पास काढलेला असतो, राष्ट्रीय महामार्गांवरचे नाके एकामागून एक बिनपैशाचे गेल्यासारखे वाटतात, देश आपलाच आहे अशी भावना दाटून येते. मग खालापूर येते. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग राज्याचा, तिथे तो पास चालत नाही. पैसे कापल्याचा मेसेज वाजतो आणि तुम्ही महाराष्ट्रात सुखरूप परतल्याची खात्री पटते.

आता मुख्य विषय. गाडी.

ती धुवायची नाही. कोणत्याही परिस्थितीत नाही. तिच्यावर काय आहे याची तुम्हाला कल्पना असेलच, पण इतरांना दाखवता यावे म्हणून नीट अभ्यास करून ठेवा. सर्वांत खाली लडाखातल्या मोरे प्लेन्स पठाराची ती पिठासारखी फिकट धूळ, दारांच्या फटींत बसलेली. तिच्यावर हिमाचलचा चिखल, चाकांच्या वर कमानीसारखा उडून वाळलेला. मग राजस्थानची तांबूस पुटे. पुढच्या बंपरवर आणि नंबरप्लेटवर गुजरातेतले रात्रीचे किडे. हे थर ज्या क्रमाने बसले त्याच क्रमाने दिसले पाहिजेत. लोणावळ्यात पाऊस लागला तर मोठेच संकट. पुढे बोगद्यात आसरा घेता येत नाही, थांबायला तिथे मनाई आहे. अशा वेळी मागची काच तरी वाचवा, कारण 'लेह–पुणे' हे तिच्यावर बोटाने लिहिलेले आहे. ते कोणीतरी वाटेत लिहिले असे म्हणायचे. अक्षर तुमचे आहे हे घरच्यांनाच माहीत.

गाडी आपल्या जागी, तळघरात, लावू नका. दोन दिवस फाटकासमोर तोंड करून लावा. चेअरमन म्हणतील, तिथे लावायची नसते. त्यांना आधी फोटो दाखवा, मग नियमाचे बघू. खरा धोका चेअरमनकडून नाहीच. तो सोसायटीत पहाटे गाड्या पुसणाऱ्या मामांकडून आहे. "साहेब इतक्या लांबून आलेत, गाडी किती घाण झालीये," असे म्हणून हा भला माणूस केवळ मायेपोटी साडेपाचला दोन बादल्या ओततो आणि तुम्ही दात घासत गॅलरीत येता तेव्हा खाली एक लख्ख पांढरी गाडी उभी असते. हिमालय गटारातून वाहून गेलेला असतो. मामा वर बघून हात करतात. तुम्हालाही हात करावा लागतो. म्हणून रात्री कितीही उशीर होवो, वॉचमनला उठवून निरोप ठेवा.

असे झालेच तर एक आधार उरतो, एअर फिल्टर. गाडी सर्व्हिसिंगला टाकाल तेव्हा स्वतः शेजारी उभे राहा. मेकॅनिक फिल्टर काढून पायरीवर दोनदा आपटतो आणि खाली टाल्कम पावडरीसारखा बारीक ढीग पडतो. त्याचा फोटो घ्या. तो म्हणेल, "साहेब, खराडीच्या गाड्यांतपण एवढंच निघतं." त्याच्याकडे लक्ष देऊ नका, तो लेहला गेलेला नाही.

आकड्यांच्या बाबतीत सावध राहा. लेहजवळची खिंड खारदुंग ला ('ला' म्हणजे खिंड) किती उंच, असे विचारले तर तिथल्या पाटीवर वर्षानुवर्षे लिहिलेले 18,380 फूट सांगा. जीपीएस लावून मोजणाऱ्यांनी तो आकडा साडेसतरा हजारांच्या जरासा वर आणून ठेवला आहे, पण त्यांना फोटो काढायला पाटी मिळाली नाही म्हणून ते असे बोलतात. हां, बोलण्याआधी समोरचा कोण आहे ते पाहून घ्या. तो त्याहून उंच उमलिंग लाला जाऊन आलेला निघाला तर त्याच्याकडे 19,024 फूट असतात. असा माणूस आला की विषय पेट्रोलकडे वळवा. लाहौलमधल्या तांदीच्या पंपावरची 'पुढचा पंप 365 किलोमीटर' ही पाटी अजून कामाला येते. तुम्ही टाकी तिथे भरली आणि लेहला पोचलात तेव्हाही काटा निम्म्याच्या जवळ होता, हे सांगण्याची गरज नाही.

ऑफिसात 'रेंज नव्हती' हे कारण लडाखपुरतेच वापरा. तिथे बाहेरचे प्रीपेड सिम चालत नाही हे आता साहेबांनाही ठाऊक आहे, म्हणून ते बिनतक्रार खपते. अजमेरला रेंज नव्हती, हे नाही खपत.

खाऊचे म्हणाल तर जर्दाळू. शेजाऱ्यांना मूठमूठ द्यायचे. कमी पडले तर मार्केट यार्डात मिळतात.

आणि रस्त्यांची तुलना. पहिला खड्डा लागताच उसासा सोडून म्हणायचे, "सतरा हजार फुटांवर यापेक्षा बरा रस्ता आहे हो." हे दिवसातून तीनदा चालते, चौथ्यांदा घरचे खिडकीतून बाहेर बघू लागतात. वर दरड कोसळून तुम्ही अर्धा दिवस एकाच जागी बसला होतात, ती आठवण या वाक्याच्या आसपास काढू नये.

मग एके दिवशी, सगळे थंडावल्यावर, फोनवर ई-चलन येते. वेगमर्यादेचे. बारालाचा खिंड ओलांडलीत, तांगलांग ला उतरलात, कुठे कोणी अडवले नाही. आणि एका दमाच्या शेवटच्या टप्प्यात, उर्से टोलनाक्याच्या अलीकडे, कॅमेऱ्याने तुम्हाला ताशी 100 च्या बरेच वर टिपलेले असते. दंड मुकाट्याने भरून टाका. कोणी विचारलेच तर "वरती लागला, आर्मीच्या एरियात" असे म्हणा. फक्त चलनात गाडीचा फोटोही असतो. धुळीचे सगळे थर त्यात अगदी स्वच्छ आले आहेत. तो ग्रुपवर टाकण्याआधी खालचे ठिकाण तेवढे कापा.