वकिलांना बंदुकीचा कायदा पुन्हा पुन्हा शिकावाच लागतो

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांत बंदुकीचा विषय निघाला की एक ठरावीक मजकूर हमखास पुढे सरकवला जातो. त्याचा सारांश असा: इथला बंदुकीचा कायदा म्हणजे राज्यघटनेतलं एक वाक्य. परवाना काढला की देशभर कुठेही फिरा. वकिलांना यावर वर्गात बसवणं हा फी उकळायचा धंदा आहे आणि शिकवणारे सगळे बंदूक लॉबीचे. आपल्या लोकांनी तर याकडे लक्षही द्यायला नको, कारण आपण बंदुका घेतच नाही.

यातलं जवळजवळ काहीच खरं नाही. शेवटच्या वाक्यावर विसंबून राहिलं तर एखाद्याचं ग्रीन कार्ड, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना, जाऊ शकतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘कायदा एका वाक्याचा.’ ते वाक्य म्हणजे दुसरी घटनादुरुस्ती, १७९१ची, मूळ इंग्रजीत २७ शब्दांची, हे बरोबर. पण तिच्यातून व्यक्तीला शस्त्र बाळगण्याचा स्वतंत्र हक्क मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं ते २००८मध्ये, हेलर खटल्यात. तो हक्क राज्यांवरही बंधनकारक आहे, हे २०१०मध्ये मॅक्डोनाल्ड खटल्यात ठरलं. पुढची बारा वर्षं खालच्या न्यायालयांनी एक कसोटी घडवली आणि वापरली. २३ जून २०२२ रोजी ब्रुएन निकालानं ती मोडीत काढली. सरकारला बंदुकीवर बंधन घालायचं असेल तर ते देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसतं हे दाखवा, असं न्यायालयानं सांगितलं. बाहेर पिस्तूल बाळगायला खास कारण दाखवण्याची न्यूयॉर्कची अट त्याच दिवशी गेली. दोन दिवसांनी बंदुकीविषयीच्या एका नव्या केंद्रीय कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. जून २०२४मध्ये बंप स्टॉकवरची (रायफलीतून झपाट्यानं गोळ्या झाडू देणाऱ्या जोडणीवरची) बंदी ६ विरुद्ध ३ मतांनी रद्द झाली. त्याच महिन्यात राहिमी खटल्यात, घरगुती हिंसाचारामुळे मनाई हुकूम निघालेल्या माणसाला शस्त्र बाळगू न देणारा कायदा ८ विरुद्ध १ मतांनी टिकला. मार्च २०२५मध्ये सुट्या भागांतून जुळवलेल्या, क्रमांक नसलेल्या बंदुकांवरचे नियमही टिकले.

२०२१मध्ये बार परीक्षा, म्हणजे वकिलीच्या परवान्याची परीक्षा, पास झालेला वकील जी कसोटी शिकून बाहेर पडला, ती पुढच्याच वर्षी मेली. तो वर्गात परत बसला नाही तर अशिलाला काय सांगणार?

‘परवाना एक, देश सगळा.’ ड्रायव्हिंग लायसन्स जसं सगळीकडे चालतं तसंच हे, असा समज आहे. तसं नाही. पेनसिल्व्हेनियाचा पिस्तुलाचा परवाना डेलावेअर नदी ओलांडून न्यू जर्सीत शिरलात की निरुपयोगी. २०१३मध्ये फिलाडेल्फियाची एक तरुण आई अशीच न्यू जर्सीत आली. पोलिसांनी गाडी थांबवल्यावर तिनं स्वतःहून सांगितलं की माझ्याकडे पिस्तूल आहे आणि परवानाही आहे. सक्तीच्या तुरुंगवासाची टांगती तलवार तिच्या डोक्यावर बराच काळ राहिली. २०१५मध्ये गव्हर्नरनं माफी दिली तेव्हा प्रकरण मिटलं.

दुसरं प्रकरण तर वकिलांनी तपशिलात अभ्यासावं असं आहे. प्रवासात बंदूक नेणाऱ्याला १९८६च्या केंद्रीय कायद्यानं संरक्षण दिलंय: जिथून निघालात आणि जिथे पोचायचं तिथे ती बाळगणं कायदेशीर हवं, मध्ये ती रिकामी आणि हाताशी येणार नाही अशी ठेवलेली हवी. युटा राज्यातला एक प्रवासी २००५मध्ये न्यू जर्सीतल्या नेवार्क विमानतळावर विमान बदलणार होता. विमान उशिरा पोचलं आणि पुढचं चुकलं. बसची सोय झाली, पण त्याचं सामान बसमध्ये नव्हतं. ते शोधायला तो उतरला आणि बस निघून गेली. सामान मिळालं, रात्र हॉटेलात काढली आणि सकाळी काउंटरवर नियमाप्रमाणे ‘बॅगेत पिस्तूल आहे’ असं सांगितलं. तिथेच अटक झाली. काही दिवस कोठडीत गेले. गुन्हा पुढे मागे घेतला गेला, पण त्यानं भरलेल्या नुकसानभरपाईच्या दाव्यात २०१०मध्ये फेडरल अपील न्यायालयानं त्याच्या विरुद्ध निकाल दिला: हॉटेलात रात्रभर बॅग हाताशी होती, म्हणजे संरक्षण संपलं. हे कलम नुसतं वाचून कळत नाही. निकाल वाचलेला कुणीतरी समोर बसवून सांगावा लागतो.

‘फी उकळायचा धंदा.’ काही वर्ग महाग असतात, हे मान्य. पण बहुतेक राज्यांत वकिलाला ठरावीक तास शिकत राहावं लागतं, आणि ही तासांची सक्ती बंदुकीसाठी नाही, वकिलीसाठी आहे. न्यू जर्सीत दोन वर्षांत २४ क्रेडिट, टेक्सासात वर्षाला १५ तास, कॅलिफोर्नियात तीन वर्षांत २५ तास. नीतिमत्तेसारख्या काही विषयांसाठी राखून ठेवलेले तास सोडले तर विषय वकील स्वतः निवडतो. मॅसॅच्युसेट्स आणि मिशिगनमध्ये तर सक्तीच नाही. माझी तक्रार उलटी आहे. या वर्गांना फौजदारी वकील येतात, आणि ज्यांना खरी गरज आहे ते फिरकत नाहीत. घटस्फोटाचे खटले चालवणारे वकील मनाई हुकुमाच्या तडजोडीवर सही घेतात. त्या सहीनं नवऱ्याचा बंदूक बाळगण्याचा हक्क जाऊ शकतो, हे त्याला कुणी सांगत नाही. मृत्युपत्रं करणारे वकील घ्या. वडिलांच्या कपाटात बंदुकीचा आवाज दाबणारा सायलेन्सर सापडला. १९३४च्या कायद्याखाली तो नोंदलेला असेल तर ठरावीक अर्ज करून वारसाच्या नावावर होतो. नोंदलेला नसेल तर वारसाला तो आता नोंदवताही येत नाही आणि घरात ठेवणं गुन्हा ठरतो. ‘दादा, तू घेऊन जा’ असं म्हणून भावाच्या गाडीत टाकला की दुसऱ्या राज्यात नवा गुन्हा.

‘शिकवणारे लॉबीचे.’ नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या संघटनेचं फाउंडेशन वकिलांसाठी परिसंवाद भरवतं, हे खरं आहे आणि लपवलेलंही नाही. पण हाच विषय राज्यांच्या बार (वकील) संघटनांच्या शिक्षण संस्थाही शिकवतात; तिथे सरकारी वकील आणि बचावाचे वकील दोघंही शिकवायला येतात. वक्त्याची ओळख कार्यक्रमपत्रिकेवर असते, ती वाचावी.

आता शेवटचा मुद्दा, ‘आपला काय संबंध?’ एच-वन-बी, एल-वन, एफ-वन, एच-फोर हे नोकरी, शिक्षण किंवा जोडीदारासोबत राहण्यासाठीचे नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या वास्तव्याचे व्हिसे. केंद्रीय कायद्याप्रमाणे या व्हिशावर आलेल्याला बंदूकच काय, गोळ्याही बाळगता येत नाहीत. अपवाद मोजके, त्यातला नेहमीचा म्हणजे राज्यानं दिलेला वैध शिकारीचा परवाना. नेमबाजीच्या रेंजवर तासाभरासाठी भाड्यानं घेतलेली बंदूकही ‘बाळगणं’ ठरू शकते. टीम आउटिंगला रेंजवर जाऊन फोटो टाकणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं? विद्यार्थी व्हिशावर आलेला एक तरुण फ्लोरिडातल्या कॉलेजमधून काढून टाकल्यावरही देशात राहिला आणि रेंजवर नेमबाजी करायला गेला. त्याच्यावर याच कलमाच्या कुटुंबातला खटला झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१९च्या या रेहाइफ निकालात न्यायालय म्हणालं की आपल्याला बंदी लागू आहे अशा गटात आपण मोडतो हे आरोपीला माहीत होतं, हे सरकारनं सिद्ध केलं पाहिजे. बचावाला तेवढी वाट मिळाली, बंदी मात्र तशीच आहे. २०२२पासून शिक्षेची कमाल मर्यादा १५ वर्षं आहे.

ग्रीन कार्डवाल्यांना केंद्रीय कायदा बंदूक घेऊ देतो. पण राज्याच्या परवानगीनं गांजा ओढणारा ग्रीन कार्डधारक दुकानात अर्ज भरताना अडकतो, कारण केंद्राच्या लेखी गांजा अजून बेकायदा आहे आणि तसा इशारा अर्जावरच छापलेला असतो. न्यू जर्सीत छऱ्यांची हवेवर चालणारी रायफल घ्यायलाही खरेदीदाराचं ओळखपत्र लागतं. भारतात जत्रेत फुगे फोडलेल्या माणसाला हे सुचणारही नाही. शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी नागरिकाला हद्दपार करता येतं, अगदी ग्रीन कार्ड असलं तरी. त्यामुळे कोणतं कलम कबूल करायचं, यावर घर टिकतं की मोडतं हे ठरतं. पडिया खटल्यात २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की गुन्हा कबूल करण्याआधी हद्दपारीचा धोका अशिलाला सांगणं हे वकिलाचं कर्तव्य आहे.

तेव्हा अशा प्रकरणात सरकारी वकिलानं ‘दंड भरा, सुटा’ म्हणून कागद पुढे केला तर आपल्या वकिलाला दोन प्रश्न विचारा: या कलमाचा माझ्या व्हिशावर किंवा ग्रीन कार्डवर काय परिणाम होईल, आणि तुम्ही हे शेवटचं कधी तपासलंत? उत्तर गुळमुळीत आलं तर तारीख पुढची मागा, इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवा, आणि तोवर सही करू नका.