'पायलटांनी विमानं अडवली' वाला मेसेज पुढे ढकलायच्या आधी हे वाचा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परवा परत आला. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची विमानं धडाधड रद्द होत होती तेव्हा फिरत होता तोच, फक्त वरती 'विसरू नका' असं नवीन जोडलंय. ज्यांच्याकडे आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: पायलटांनी पगारासाठी अचानक संप केला आणि लाखो लोकांना एअरपोर्टवर लोळवलं, महिन्याला ८० तास काम करून लाखो रुपये घेतात, वर आठवड्याला ४८ तास झोपायला पाहिजेत, विमान तर ऑटोपायलटच चालवतो, परवडत नसेल तर नोकरी सोडा, सरकारने एस्मा, म्हणजे संपबंदीचा कायदा, लावून सगळ्यांना घरी बसवावं. आणि शेवटची ओळ, 'युनिफॉर्म दिसेल तिथे जाब विचारा'. त्याच्याखाली चौदा अंगठे, त्यातले निम्मे लोक मला लहानपणापासून ओळखतात.

माझा धाकटा भाऊ फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे हे आधीच सांगून टाकते, नंतर कोणी म्हणायला नको की लपवलं. त्याची कंपनी इंडिगो नाही, दुसरी आहे. कंपनीच्या नियमांमुळे त्याला स्वतःला जाहीर काही लिहिता येत नाही, मला येतं, म्हणून मी लिहितेय.

पहिलं म्हणजे संप. डिसेंबरमध्ये संप झालाच नव्हता हो. कोणत्याही संघटनेने नोटीस दिली नव्हती, कोणी सामूहिक आजारी रजा टाकली नव्हती. झालं काय होतं, तर डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, जानेवारी २०२४ मध्ये पायलटांच्या ड्युटीचे नवीन नियम काढले, ज्याला एफडीटीएल म्हणतात. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, रात्र म्हणजे १२ ते ५ धरायचे ती आता १२ ते ६, आणि रात्रीच्या ड्युटीत सहा लँडिंगपर्यंत मुभा होती ती दोनवर. हे १ जून २०२४ पासून लागू व्हायचं होतं, विमान कंपन्यांनी विरोध केला म्हणून पुढे ढकललं, मग प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं आणि शेवटी दोन टप्पे ठरले, १ जुलै २०२५ आणि १ नोव्हेंबर २०२५. म्हणजे तयारीला जवळपास दोन वर्षं मिळाली. फेडरेशन ऑफ इंडियन पायलट्सने तेव्हा उघड आरोप केला की इतका वेळ हातात असूनही इंडिगोने पायलटांची भरतीच थांबवून ठेवली होती. आणि नियोजनात चूक झाली, अंदाज चुकला, हे इंडिगोने स्वतः मान्य केलंय, मग आपण कोणाची बाजू घेऊन पायलटांना शिव्या घालतोय?

आणि एक साधी गोष्ट बघा ना. ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर फ्लाइट रद्द झाल्या, त्याच दिवशी सरकारने काय केलं, तर इंडिगोला रात्रीच्या ड्युटीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली, आणि मग गाडी हळूहळू रुळावर आली. आता पायलट खरंच संपावर असते तर नियम सैल करून विमानं उडाली असती का? उडवायला कोण आलं असतं? तेच पायलट आले, तीच माणसं, कमी विश्रांती घेऊन. देशातल्या दहापैकी सहाहून जास्त प्रवासी ज्या एका कंपनीने जातात तिचंच गणित कोलमडलं म्हणून सगळा देश अडकला.

पायलट कधी संपच करत नाहीत असं मी म्हणत नाहीये. २००९ च्या सप्टेंबरमध्ये जेटच्या पायलटांनी घाऊक आजारी रजा टाकली होती, २०१२ मध्ये एअर इंडियाचा संप ५८ दिवस चालला, त्या वादात कोण किती बरोबर यावर आमच्या घरातच दोन मतं आहेत. पण ते वेगळं आणि हे वेगळं. 'पैशासाठी' म्हणाल तर २०१९ आठवा. जेट एअरवेज बंद पडायच्या आधी कित्येक महिने पायलटांचे पगार झाले नव्हते आणि तरी ते विमानं उडवत होते. १७ एप्रिलला शेवटचं विमान अमृतसरहून आपल्या मुंबईतच उतरलं, तेही बिनपगारी माणसांनीच उतरवलं.

आता ते ८० तास. याच मुद्द्यावर लोक सगळ्यात जास्त चिडतात आणि मला कळतं का चिडतात, कल्याण-सीएसएमटी रोज उभ्याने करणाऱ्या माणसाला ८० तास ऐकून राग येणारच. पण हे ८० तास कसले, ते कोणी सांगत नाही. विमानाच्या चाकाखालचे चॉक्स काढले तिथून घड्याळ सुरू होतं आणि उतरल्यावर चॉक्स लावले की थांबतं, त्यालाच फ्लाइंग अवर्स म्हणतात. बाकी सगळं त्याच्या बाहेर.

२०२५ च्या जूनमधला भावाचा एक दिवस सांगते, नोव्हेंबरचे नियम यायच्या आधीचा. रिपोर्टिंग पहाटे ५:०५. पिकअपची गाडी ४ ला गेटवर, कारण वाटेत भांडुप आणि पवईवरून अजून दोघांना घ्यायचं, म्हणजे हा ३:१५ ला उठला. आई पण उठली, तिला कितीही सांगा ती चहा केल्याशिवाय राहत नाही. तिथे गेल्यावर ब्रेथ अॅनालायझरची टेस्ट, हवामान, इंधनाचा हिशोब, ब्रीफिंग. मग मुंबई-नागपूर, नागपूर-मुंबई, मुंबई-इंदूर, इंदूर-मुंबई. चार टेकऑफ, चार लँडिंग, पाऊस. मधल्या चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत प्रवासी उतरतात-चढतात, तेव्हा कॉकपिटमध्ये पुढच्या सेक्टरची तयारी चालू असते, तिथेच बसून पाच मिनिटांत डबा खायचा. दुपारी दोनला शेवटचं लँडिंग, घरी आला साडेतीनला. बाहेर साडेअकरा तास, आणि लॉगबुकमध्ये ५ तास ५५ मिनिटं. ते ८० तास असे जमतात. स्टँडबायवर युनिफॉर्म इस्त्री करून फोनकडे बघत बसण्याचे तास त्यात नाहीत, दुसऱ्या शहरात ड्युटीसाठी प्रवासी म्हणून बसून जायचे तास पण नाहीत.

आणि ते ५:०५ मुद्दाम लक्षात ठेवा. जुन्या नियमात रात्र पाचला संपायची, म्हणून ५:०५ चं रिपोर्टिंग म्हणजे कागदावर दिवसाची ड्युटी, चार लँडिंग खुशाल लावा. सव्वातीनला उठलेल्या माणसाला विचारा ती रात्र होती की दिवस. नवीन नियमात रात्र सहापर्यंत धरली म्हणून हेच रिपोर्टिंग रात्रीच्या ड्युटीत मोडतं आणि लँडिंग दोनवर येतात. सगळा वाद ज्या एका तासावरून पेटला तो हा तास आहे, आणि त्या चौथ्या लँडिंगला मागच्या सीटवर आपल्यापैकीच कोणाची तरी पोरं असतात.

४८ तासांचं पण तसंच. शनिवार-रविवार सुट्टी असलेला माणूस शुक्रवारी संध्याकाळी सहाला सुटतो आणि सोमवारी सकाळी नऊला कामावर येतो, मोजा किती तास होतात. ६३. त्याला कोणी झोपाळू म्हणत नाही. पायलटला आठवड्यातून एकदा सलग ४८ तास, ते पण कुठल्याही वारी, आणि त्यात शरीराचं घड्याळ पहाटेच्या ड्युटीवरून दुपारच्या ड्युटीवर फिरवायचं. दिवसा झोपायचं म्हणजे काय ते आमच्या घरी येऊन बघा, खिडकीला काळा पडदा, वरच्या मजल्यावर टाइल्सचं ड्रिलिंग, खाली भंगारवाला, आणि आई कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आधी धावत जाऊन गॅस बंद करते.

पहाटे दोन ते सहा ही वेळ माणसाच्या शरीराची सगळ्यात मंद वेळ असते, हे नाइट शिफ्ट केलेल्या कोणालाही विचारा. मंगळूर आठवतंय ना? २२ मे २०१०, दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान सकाळी सहाच्या सुमाराला उतरताना धावपट्टी ओलांडून दरीत गेलं, १६६ पैकी १५८ माणसं गेली. चौकशीत निघालं की प्रवासातला बराच वेळ कॅप्टन झोपले होते, कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये घोरण्याचा आवाज आहे. जागे झाल्यावर डोकं पूर्ण जागेवर यायला वेळ लागतो, ते विमान जास्त उंचीवरून आणि जास्त वेगात खाली आणत होते, फर्स्ट ऑफिसरने तीन वेळा गो-अराउंड सांगितलं, म्हणजे उतरू नका, परत वर घ्या, आणि तरी उतरवलं. माझा भाऊ आज त्याच उजव्या सीटवर बसतो. तो अहवाल त्याने मला वाचायला दिला तेव्हा काही बोलला नाही, नुसतं ते पान उघडून दिलं. म्हणून कोणी 'झोपायला पाहिजे यांना' असं हसत लिहिलं की मला हसू येत नाही. हो, झोपायला पाहिजे.

ऑटोपायलटवर फार वेळ घालवत नाही. टेकऑफ हातानेच होतं, लँडिंग बहुतेक वेळा हातानेच होतं, आणि जुलैतल्या मुंबईत आडव्या वाऱ्यात, काचेवर पाण्याचा पडदा असताना धावपट्टी शोधायला यंत्राच्या मागे एक जागता माणूस लागतो.

'परवडत नसेल तर सोडा.' कसं सोडणार? डीजीसीएच्याच २०१७ च्या नियमाप्रमाणे कॅप्टनला एक वर्ष आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिने नोटीस द्यावी लागते. आपल्यातल्या कोणाला एक वर्षाचा नोटीस पिरियड आहे, सांगा. आणि शिक्षणाचा खर्च ५० लाखांच्या पुढे जातो, वर टाइप रेटिंगचे, म्हणजे एका ठरावीक प्रकारचं विमान उडवायच्या ट्रेनिंगचे वेगळे. आमच्या बाबांनी पीएफ काढला आणि उरलेल्याचं कर्ज आहे, त्याचा हप्ता भावाच्या पगारातून पहिल्या तारखेला जातो. पगार चांगला आहे, मी नाकारत नाही. पण वर्षातून एकदा मेडिकल असते आणि त्यात डोळा किंवा हृदय नापास झालं तर हा पगार बंद होऊ शकतो आणि हप्ता चालूच राहतो.

एस्मा लावा, सगळ्यांना काढा. जिथे संपच नाही तिथे संपबंदीचा कायदा लावून काय होणार ते मला कळलं नाही, तरी धरून चालू. मुंबईला हे नवीन नाही, २०१० च्या मे महिन्यात लोकलच्या मोटरमननी काम थांबवलं होतं तेव्हा पण हेच आवाज उठले, 'काढून टाका'. काढून लोकल कोण चालवणार होतं? अमेरिकेत १९८१ मध्ये रेगन यांनी संपावरच्या ११ हजारांहून जास्त एअर ट्रॅफिक कंट्रोलरना एका झटक्यात काढलं आणि ती यंत्रणा पूर्वपदावर यायला वर्षं गेली. कॅप्टन व्हायचं लायसन्स मिळायलाच १५०० तास उडावं लागतं, मग कमांडचं ट्रेनिंग, चेक. तो काही नाक्यावरून बोलावता येत नाही.

आता ती शेवटची ओळ, जिच्यामुळे मी हे सगळं लिहायला बसले.

१४ जानेवारी २०२४ ला दिल्लीत धुक्यामुळे गोव्याचं विमान तासन्‌तास रखडलं होतं. आधीच्या क्रूचे ड्युटीचे तास संपले म्हणून नवीन पायलट आला, त्याने उशिराची घोषणा करायला माइक घेतला आणि एक प्रवासी धावत जाऊन त्याला मारून मोकळा झाला. व्हिडिओ तुम्ही पण बघितला असेल. उशीर ज्याने केला नाही, उलट जो विमान सोडायला आला होता, मार त्याला पडला. त्याच धुक्यात वळवलेल्या एका विमानाचे प्रवासी आपल्या मुंबई एअरपोर्टवर विमानाशेजारी जमिनीवर बसून जेवत होते, त्यासाठी कंपनीला १ कोटी २० लाखांचा दंड झाला. लोकांचे हाल खोटे नाहीत, मी स्वतः डिसेंबरमध्ये मावशीसाठी पुण्याहून मुंबईला रात्री टॅक्सी शोधत होते, मला ते माहितीये.

पण डिसेंबरच्या त्या आठवड्यात माझा भाऊ ड्युटीसाठी दुसऱ्या शहरात जायला प्रवासी म्हणून गेटवर उभा होता, युनिफॉर्ममध्ये, आणि एक बाई त्याच्यासमोर येऊन रडत म्हणाली की तुमच्यामुळे मला आईचं शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही. त्याची कंपनी वेगळी, विमान वेगळं. नंतर तो मला म्हणाला, ताई, मी काय सांगणार होतो तिला, मी सॉरी म्हटलं. मागून दोघं-तिघं व्हिडिओ काढत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे आईने त्याच्या शर्टाच्या खांद्यावरच्या पट्ट्या स्वतः काढल्या, बॅगेत घातल्या आणि वरून साधं जॅकेट घालायला लावलं. 'तिथे गेल्यावर लाव' म्हणाली. ज्या पट्ट्यांचा फोटो तिने देवघराशेजारी लावलाय त्याच.

आणि लिफ्टमध्ये आपल्याच एका काकांनी त्याला विचारलं, 'काय रे, झाली का झोप?' तो तेव्हा कामावरूनच येत होता.

जाब विचारायचाच असेल तर जागा आहेत. फ्लाइट रद्द झाल्याचं नियमात ठरलेल्या वेळेत कळवलं नाही आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल तर रिफंडच्या वर १० हजारांपर्यंत भरपाईची तरतूद डीजीसीएच्या नियमात आहे, ती मागा, सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका, कंपनीला लेखी विचारा की दोन वर्षांत किती पायलट घेतले.

आणि काका, तुम्ही हे वाचताय हे मला माहितीये, तर तो मेसेज ग्रुपवरून काढला नाहीत तरी चालेल, फक्त त्याच्याखाली तीन तारखा टाका: नियम निघाले जानेवारी २०२४, पहिला टप्पा १ जुलै २०२५, दुसरा १ नोव्हेंबर २०२५. भाऊ उद्या दुपारी घरी आहे, तुम्हाला काही विचारायचं असेल तर चार वाजल्यानंतर या, तोपर्यंत तो झोपलेला असेल.