चिंध्यांच्या कोटाबद्दल थोडं

ताई, नमस्कार.

'स्वच्छतेत पहिला नंबर आला म्हणून इंदूरने आता कचराही मिरवायचा का? चिंध्यांचा कोट घालून फोटो काढल्याने कुणाचं पोट भरत नाही. आमच्या आजीच्या गोधडीला कुणी कला म्हटलं नाही,' असं तुम्ही माझ्या कोटाच्या फोटोवर लिहिलंत. चार दिवस मी गप्प होते. राग आला होता, आणि त्यातलं निम्मं खरं असल्यामुळे जास्तच आला होता.

आजीच्या गोधडीला कला म्हटलं नाही ही चूक आपलीच. पण तिच्या हाती घरातली लुगडी असायची. कुठलं कुणाचं हे तिला पाठ. माझ्याकडे येते ती कतरन (कापडाचे उरलेले तुकडे; आम्हा इंदुरी लोकांच्या तोंडी हाच शब्द) निनावी असते. रेडीमेडवाले थरावर थर लावून कापड कापतात, तेव्हा १०-१५ टक्के टेबलाखाली पडतं. सुती-पॉलिएस्टर मिसळ असली की त्याचा पुन्हा धागा काढणं अवघड. मग गोणीत भरून किलोवर जातं.

पोटाचं म्हणाल, तर चिलीत १९७३च्या लष्करी उठावानंतर ज्यांची माणसं नाहीशी केली गेली, त्या बायकांनी पोत्याच्या कापडावर चिंध्यांची चित्रं शिवली. त्यांना आर्पियेरा म्हणतात. चर्चच्या मदतीने ती परदेशात विकली जायची. घरखर्चही निघायचा आणि देशात छापता न येणारी बातमीही बाहेर पडायची.

माझ्या कोटाने एवढं केलेलं नाही, हे कबूल. त्याच्या अस्तरावर मी लाल दोऱ्याने काज, बटण, धागे कापणे यांचे नगावरचे भाव भरले आहेत; घरी बसून ही कामं करणाऱ्या दोघींनी सांगितलेले. इथे आकडे देत नाही, त्यांच्या ठेकेदाराने वाचले तर काम त्यांचं जाईल. फोटोत अस्तर दिसलंच नाही, ही चूक माझी.

त्यातल्या एकीला कोट दाखवला. भाव तिने वाचलेच नाहीत. बाही उलटी केली, बोट फिरवलं आणि म्हणाली, "दीदी, काज टेढ़ा है." तिथेच ब्लेडने उसवून पुन्हा घातलं. ते एक काज बाकीच्या पाचांत लगेच ओळखू येतं.

पुढच्या कोटाची काजं तीच करणार आहे. विकला गेला तर तिचा वाटा किती, यावरून आमचं अजून भांडण चालू आहे. ती नगाचा भाव मागते, मी निम्मे म्हणते. आत्तापर्यंत तिचंच खरं होतंय, कारण निम्म्यावर तिचा विश्वास बसत नाही.