२४० रुपयांचं देणं

हाताशी पैसा नसताना एखाद्याच्या हातून बारीकशी लबाडी होते, ती त्याला टोचत राहते, आणि धीर करून तो कुणाला सांगतो. तेव्हा त्याला दोनपैकी एक उत्तर मिळतं. "सोड न, एवढ्यानं का होते?" नाहीतर, "आज शंभर, उद्या हजार, सवय अशीच लागते." पहिलं उत्तर प्रेमाचं आणि दुसरं शिस्तीचं. मला दोन्ही चुकीची वाटतात, आणि पहिलं जास्त.

हे सुचायचं कारण आमच्या वस्तीतल्या एक ताई. त्यांना विचारून, नाव न घेता लिहितोय. मेडिकल चौकाकडे त्या डबे करतात. नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, गडचिरोली, भंडारा, गोंदियापासून बालाघाट-छिंदवाड्यापर्यंतचे पेशंट येतात. पेशंट आत वॉर्डात, आणि सोबतची दोन-तीन माणसं बाहेर, व्हरांड्यात, झाडाखाली, कधी आठवडाभर. त्यांना गरम पोळी-भाजी लागते, ती ताई देतात. बाकीचं गिऱ्हाईक म्हणजे खोली करून राहणारी पोरं-पोरी आणि एक-दोन ऑफिसं.

जूनमध्ये एका दुपारी एक माणूस तीन डबे न्यायला आला. २४० रुपये. क्यूआर स्कॅन केला, चकरी फिरत राहिली, त्यानं पुन्हा केला. डबे घेऊन तो निघाला आणि साउंडबॉक्स बोलला, २४० रुपये प्राप्त झाले. पाठोपाठ पुन्हा तेच. रस्त्यावरच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. ताईंना दोन्ही वेळा स्वच्छ ऐकू आलं.

"मले वाटलं आता हाक मारतो, मंग मारतो, तवरिक तो गेटाच्या आत गेला," त्या म्हणाल्या. थोडं थांबून म्हणाल्या, "नाही वो भाऊ, खोटं काहून बोलू. मी मुद्दामच चूप राहिली."

घरात सिलिंडर संपायला आलेलं. मे महिन्यात पोरं परीक्षा आटोपून गावाला जातात, उन्हामुळे शहर ओस पडतं, डबे निम्म्यावर येतात. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीला उघडतात, म्हणजे कमाई सगळ्यात कमी असते त्याच्या लगेच मागे वह्या-पुस्तकं आणि गणवेशाचा खर्च येतो. ज्यांचं घर रोजच्या विक्रीवर चालतं त्यांना हा महिना सांगावा लागत नाही.

त्या संध्याकाळी ताई आपल्या पोरांसोबत बुद्धवंदनेला बसल्या. दुसऱ्या शीलापाशी, अदिन्नादाना वेरमणीपाशी, पोरांचा आवाज पुढे गेला आणि यांचा निघेना. न दिलेलं घ्यायचं नाही, हे शील त्यांच्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीच्या मैदानावर घेतलं होतं. बाबासाहेबांनी पंचशील दिलं, बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात चोरी करणार नाही हीही होती. त्या घरात पैसा कधीच फार नव्हता. हे मात्र होतं, आणि ते घराण्याचं धन म्हणूनच सांभाळलं गेलं.

म्हणून शेजारच्या बाईनं जेव्हा म्हटलं, "लोकं करोडो खाऊन मोकळे झाले, अन तू अडीचशे रुपयासाठी काहून झुरते?", तेव्हा ताईंना बरं वाटायच्या ऐवजी रडू आलं. मला त्या रडण्याचा अर्थ लागला असं वाटतं. बोलणाऱ्या बाईच्या मनात माया होती, शंका नाही. पण त्या वाक्यानं ताईंना करोडो खाणाऱ्यांच्या रांगेत शेवटी नेऊन उभं केलं आणि वर सांगितलं की तुझा नंबर फार मागे आहे, काळजी करू नको. ज्या बाईला त्या रांगेतच उभं राहायचं नव्हतं तिला यातून कसला दिलासा मिळणार? "गरिबाला एवढं चालतं" हे ऐकायला दयाळू वाटतं, पण त्यात गरिबाच्या सचोटीची किंमत आपण परस्पर कमी करून टाकतो. त्यानं मागितलेली नसताना.

माझी नोकरी बँकेत झाली, त्यातली बरीच वर्षं कॅश काउंटरवर. संध्याकाळी कॅश कमी भरली तर कॅशियरच्या खिशातून जाते, हे बऱ्याच लोकांना माहीत असतं. नोटाबंदीनंतर, २०१६ च्या त्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, कितीतरी कॅशियरांनी असे पैसे भरले. कॅश जास्त भरली तर काय होतं, हे कुणी विचारत नाही. ती कॅशियरची होत नाही. त्याच दिवशी नोंद होते, वरच्या अधिकाऱ्याची सही होते आणि रक्कम वेगळ्या खात्यात जाऊन बसते. आम्ही त्याला सस्पेन्स म्हणायचो. मालक आला, स्लिप जुळली, की परत. नाही आला तर ती तिथंच राहते. स्टाफच्या चहाला नाही, देवळाच्या पेटीत नाही, गरजू शिपायाला नाही. मला ही पद्धत तेव्हा रुक्ष वाटायची. आता तिच्यातलं शहाणपण कळतं. तिथं कुणी कॅशियरला चोर म्हणत नाही आणि कुणी "दोनशेच तर आहेत" असंही म्हणत नाही. एवढंच लिहिलं जातं की हे पैसे आपले नाहीत, आणि ज्याचे आहेत त्याला द्यायचे आहेत.

ताईंना मी तेच सांगितलं. डब्यांच्या वहीत शेवटच्या पानावर लिहा: अमुक तारीख, तीन डबे, २४० रुपये देणे. अॅपमध्ये त्या माणसाचं नाव दिसतंय, तेही लिहा. आज द्यायला नसतील तर नाहीत. देणं लिहून ठेवलेला माणूस कर्जदार असतो, आणि कर्जदार असण्यात लाज नाही.

कायदासुद्धा, मला वाटतं, तितका कठोर नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ४०३ होतं, दुसऱ्याची वस्तू अप्रामाणिकपणे स्वतःची करण्याबद्दलचं. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेत कलम ३१४ म्हणून आहे. त्यात रस्त्यात रुपया सापडलेल्या माणसाचं उदाहरण दिलंय. रुपया कुणाचा हे माहीत नाही, त्यानं उचलला, तर गुन्हा नाही. पण मालक कोण हे कळत असेल, किंवा शोधायचा मार्ग असेल, आणि वाजवी प्रयत्न न करताच तो आपला म्हणून वापरला, तर मात्र गुन्हा. म्हणजे जोर कशावर आहे? शोधण्यावर. इतक्या क्षुल्लक नुकसानीसाठी की सामान्य समजुतीचा माणूस तक्रारही करणार नाही, अशा कृत्याला गुन्हा न मानण्याचं वेगळं कलमही त्याच संहितेत आहे. पण २४० रुपये क्षुल्लक की नाही, हे ज्याचे गेले त्यानं ठरवायचं. तो पेशंटचा माणूस होता. वॉर्डातून चिठ्ठी आली की बाहेरच्या मेडिकल स्टोअरकडे धावणारा. ताईंना सगळ्यात जास्त हेच लागलं होतं. "तोही माह्यासारखाच असन," असं त्या म्हणाल्या.

आता दुसऱ्या उत्तराबद्दल, सवय लागते या उत्तराबद्दल. आमच्या निवृत्त मित्रांच्या एका बैठकीत मी हे, नाव न सांगता, मांडलं, तर एक जण फार ठामपणे म्हणाला की माणसाची परीक्षा अडचणीतच होते. हे म्हणणं त्यालाच सोपं, ज्याची पेन्शन दर महिन्याला जमा होते. तामिळनाडूतल्या ऊस पिकवणाऱ्या साडेचारशेहून अधिक शेतकऱ्यांवर झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्याच शेतकऱ्यांच्या विचारशक्तीच्या चाचण्या कापणीआधी, पैसा आटलेला असताना, आणि कापणीनंतर, पैसा हाती आल्यावर घेतल्या. तीच माणसं आधी कमी पडली, नंतर बरी ठरली. पैशाची ओढाताण डोक्यातली जागा खाते. ताईंच्या डोक्यात त्या क्षणी सिलिंडर होतं, वह्या होत्या, दुकानदाराची उधारी होती. हाक मारायला जी दोन सेकंदं लागतात ती त्यांतच गेली. यामुळे चूक बरोबर होत नाही, आणि ताईसुद्धा तसं म्हणत नाहीत. पण तिला स्वभावाचा दोष म्हणणं हा अन्याय आहे.

आणि सवयीचंच बोलायचं तर दुसरा एक अभ्यास मला जास्त भावतो. २०१९ मध्ये तो आला. ४० देशांतल्या ३५५ शहरांत १७ हजारांवर पाकिटं, सापडली म्हणून, बँका, हॉटेलं, टपाल कचेऱ्यांच्या काउंटरवर दिली गेली. भारतही त्यात होता. काहींत पैसे, काही बिनपैशाची. तर्क असा की पैशाची पाकिटं कमी परत येतील. ४० पैकी ३८ देशांत उलट झालं, पैसे असलेली पाकिटं जास्त परत आली. अभ्यासकांनी लावलेलं एक कारण असं की स्वतःकडे चोर म्हणून पाहणं माणसाला फार महाग पडतं. काउंटरमागून मीही थोडंफार हेच पाहिलंय. जास्त गेलेली नोट परत आणून देणारा कॉटन मार्केटचा हमाल आठवतो, आणि "तुमची चूक, तुम्ही निस्तरा" म्हणणारा मोटारवालाही आठवतो. उलट उदाहरणंही आहेत, गरीब तेवढा प्रामाणिक असं मी म्हणणार नाही. पण ज्याला टोचतं त्याला सवय लागायची भीती फार कमी असते. टोचणंच बंद झालं तर भीती.

या सगळ्यात मला खरा राग ज्याचा येतो ते अजून लिहिलंच नाही.

ताईंची वही चाळताना मी मागची पानं पाहिली. येणे बाकी १८ हजारांच्या वर. त्यात खोलीवरच्या पोरांचे दोन-दोन महिन्यांचे डबे, "घरून पैसे आले की देतो" म्हणून राहिलेले. पोरांचं मी समजू शकतो. पण त्यातला मोठा आकडा एका ऑफिसचा आहे. मार्चमध्ये त्यांच्याकडे कसलं तरी प्रशिक्षण झालं, तीन दिवस ताईंनी पन्नास-पन्नास जेवणं पोचवली. भाजी, तेल, कणीक त्यांनी उधारीवर उचललं. बिल दिलं. तेव्हापासून उत्तर एकच, "बिल पास व्हायचं आहे." तिथं फाइल दाबून बसलेल्या कुणाची एका रात्रीचीही झोप उडालेली नसेल. त्यांना कुणी सांगत नाही की आज एक बिल अडवलंत, उद्या सवय लागेल. या बाईच्या जूनमधल्या तंगीत त्यांचा मोठा वाटा आहे. ते पैसे वेळेवर आले असते तर त्या दुपारी त्यांनी हाक मारली असती, याबद्दल मला तरी शंका नाही. २४० रुपयांसाठी एक जण वंदनेला बसू शकत नाही, आणि हजारोंचं देणं असलेले मजेत चहा पितात.

हे चांगुलपणावर सोडायची गरजही नाही. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या हिशेबानं चक्रवाढ. डबे पुरवणारी बाई स्वतःला उद्योग समजत नाही, इथंच घोळ होतो. ताईंच्या मुलीनं गेल्या वर्षी मोबाइलवरून उद्यम नोंदणी, म्हणजे अशा उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवली होती, ती फुकट होते. घरात कुणाच्या लक्षातही नव्हतं की तो कागद या कामाचा आहे.

त्या माणसाचा शोध सुरू आहे. ताईंनी काउंटरवर पाटी लावली आहे, जूनमध्ये कुणाचे दोनदा पैसे गेले असतील तर सांगा म्हणून. मेडिकलच्या आसपास धर्मशाळा आहेत, तिथंही विचारून आल्या. मधल्या काळात त्यांनी एका पेशंटच्या म्हाताऱ्या आईला काही दिवस पैसे न घेता जेवू घातलं आणि मला विचारलं, आता ते देणं फिटलं का? मी नाही म्हणालो. ते पुण्य वेगळं, हे देणं वेगळं. त्यांना ते लगेच पटलं. मला वाटतं माझ्याआधीच पटलेलं होतं. वहीतली नोंद त्यांनी खोडलेली नाही, आणि आता वंदनेत दुसरं शीलही म्हणतात. शील रोज नव्यानं घ्यायचं असतं, ते मला त्यांनीच समजावून सांगितलं.

सोमवारी आम्ही दोघं त्या ऑफिसात जातोय. बिलाची प्रत, पोच दिल्याची सही आणि उद्यमचा कागद अशी फाइल तयार आहे. ४५ दिवसांच्या कलमाखाली ज्यांनी पैसे वसूल केले असतील त्यांनी अर्ज कसा लिहिला ते मला कळवा. नमुना असेल तर रविवारपर्यंत पाठवा.