आठ आठवड्यांत शेफ होत नाही, पण कामाला लागता येतं

निकाल लागले की गावाकडून फोन सुरू होतात. "पोराला हॉटेल मॅनेजमेंटला घालू काय?" मी गोव्यात हाउसकीपिंगला आहे, म्हणून विचारतात. फी परवडत असेल आणि पोरगा टिकणारा असेल तर जरूर घाला. दादरचं आयएचएम, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंटचं सरकारी कॉलेज, १९५४ पासून चालू आहे, तिथून शिकून आलेल्याला कोण नावं ठेवणार? पण कर्ज काढून कुठल्यातरी दोन खोल्यांच्या कॉलेजात तीन वर्षं काढायची असतील, तर त्याआधी त्याला दोन-तीन महिन्यांचा छोटा कोर्स करू दे. हे काम आपल्याला झेपतं का, एवढं तरी त्याचं त्याला कळेल.

केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने २००९-१० मध्ये 'हुनर से रोजगार तक' ही हॉटेलकामाच्या छोट्या कोर्सची योजना आणली. आठवी पास चालत होतं, फी नव्हती, वर थोडा स्टायपेंड. किचनचा कोर्स ८ आठवड्यांचा, सर्व्हिसचा ६. एवढ्यात काय शिकणार म्हणून लोकांनी नाकं मुरडली. अहो, पहिल्या दिवशी कामाला लागायला जे लागतं ते तेवढ्यात नक्की शिकून होतं.

आमचंच काम घ्या. चेकआउटची खोली हातात आली की आधी वापरलेल्या चादरी, टॉवेल आणि कचरा बाहेर. मग बाथरूम, मग बेड. चादरीचा कोपरा ४५ अंशात दुमडून गादीखाली असा खोचायचा की गेस्ट रात्रभर कूस बदलत राहिला तरी सुटता नये. धूळ वरून खाली पुसायची, व्हॅक्यूम सगळ्यात शेवटी, दाराकडे मागे मागे येत. पुस्तकात हे अर्ध्या पानात संपतं. हाताला बसायला पन्नासेक बेड घालावे लागतात, आणि पाठ मोडायची नसेल तर गुडघ्यात वाकायची सवय तिथेच लागते.

किचनमध्येही तेच. कापायचा लाल बोर्ड कच्च्या मटणाला, निळा मासळीला, हिरवा भाजीला. शिजवलेलं ५ ते ६० अंशांच्या मध्ये रेंगाळत ठेवायचं नाही. गर्दीच्या वेळी केओटीवर केओटी, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठ्या, येत असतानाही हे चुकत नाही, तेव्हा पोरगा शिकला म्हणायचं.

म्हणून कोर्सला पैसे भरण्याआधी एकदा जाऊन बघून या. गॅस पेटतो का, की नुसता प्रोजेक्टर? खऱ्या हॉटेलात किती दिवस पाठवतात? मागच्या बॅचची पोरं कुठे लागली? तिसऱ्या प्रश्नाला "हंड्रेड पर्सेंट प्लेसमेंट" एवढंच उत्तर आलं तर चहा पिऊन घरी या.

ब्रेक शिफ्ट मात्र कुठलाच कोर्स शिकवत नाही. सकाळी चार तास, दुपारी रिकामं, संध्याकाळी परत चार तास. चतुर्थीला घरी जायला मिळेलच असं नाही, आणि आपल्याकडच्या पोरांना सगळ्यात जड तेच जातं. नोकरी सोडून पळालेले मी पाहिलेत ते बहुतेक भाद्रपदातच. आयांना पोरगा भांडी घासतो याचं वाईट वाटतं. वाटू दे, दोन वर्षांत तो दुसऱ्यांकडून घासून घेत असतो.

आता बोटीचं. क्रूझवर लावतो म्हणून लाखभर मागणारे एजंट फार झालेत. डीजी शिपिंगचा, म्हणजे जहाजांचं काम बघणाऱ्या सरकारी खात्याचा, आरपीएसएल परवाना (बोटीवर माणसं भरायचा) आहे का, ते आधी विचारा. परवाना असलेल्या एजंटलाही नोकरी लावायचे म्हणून पैसे घ्यायला कायद्याने बंदी आहे. बोटीवर जायला सेफ्टीचे एसटीसीडब्ल्यू कोर्स (बोटीवरच्या ट्रेनिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे असलेले) लागतात, तेही छोटेच असतात, पण मान्यता असलेल्या संस्थेतूनच करायचे. आणि आधी जमिनीवर एक-दोन सीझन काढा, बोटवाले अनुभव मागतात.

गोव्याचा सीझन ऑक्टोबरला सुरू होतो, हॉटेलवाले त्याच्या महिनाभर आधीपासून माणसं शोधायला लागतात. जून-जुलैत कोर्सला बसलं तर वेळ बरोबर जुळते.